कागद कुणाला मिळाला, सही कुणाची झाली? : कलेचा इतिहास शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कला महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य आणि कलेचा इतिहास शिकवणारे सर्व प्राध्यापक यांस,

विषय : स्त्रिया व्यावसायिक चित्रकार कशा झाल्या, हे शिकवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत चित्रकला शिकवली. आता घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलींची तयारी करून घेते. त्यांतल्या काही पुढे तुमच्याकडे येतात आणि सुट्टीत भेटायला आल्या की कला-इतिहासाच्या नोट्स दाखवतात. त्या नोट्स वाचूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

या नोट्समध्ये चित्र काढणारी बाई दोन ठिकाणी भेटते. आधुनिक भारतीय कलेच्या प्रकरणात अमृता शेरगिल असते, एकटी, आणि तिच्याबद्दल 'अल्पायुषी', 'बंडखोर' ही विशेषणं ठरलेली. दुसरीकडे 'लोककला' या प्रकरणात मधुबनी आणि वारली. तिथे बायकाच बायका, पण नाव एकीलाही नाही. 'तेथील स्त्रिया सणासमारंभाला भिंतींवर चित्रे काढतात' या एका वाक्यात शेकडो जणी संपतात. हल्ली तिसरी जागाही झाली आहे : मार्च महिन्यात भिंतीवर लावायचा 'महिला चित्रकार' हा तक्ता. त्यात आठ फोटो, आठ जन्मसाल आणि प्रत्येकीच्या नावाखाली 'संघर्ष' हा शब्द.

या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. चित्र काढणं हा या बायकांचा धंदा कधी झाला? 'धंदा' हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण 'साधना' म्हटलं की हिशेब विचारता येत नाही. आणि मला हिशेबच विचारायचा आहे. कागद कुणी दिला, शिकायला कुठे जाता आलं, विकत कुणी घेतलं, खाली सही कुणाची आणि पैसे कुणाच्या हातात पडले? हे पाच प्रश्न घेऊन मधुबनी शिकवून पाहा, म्हणजे तो धडा लोककलेच्या प्रकरणात मावतो का ते कळेल.

15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्या भागात नेमणुकीवर असलेले ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर पडझड बघत फिरत होते. घरं कोसळून आतल्या भिंती उघड्या पडल्या होत्या आणि त्या भिंतींवर चित्रं होती. परक्या पुरुषाला जिथे पाऊलही टाकता आलं नसतं ती कोहबरची खोली, म्हणजे नव्या जोडप्याची खोली, भूकंपाने रस्त्यावर आणली. कमळाची चक्रं आणि त्यांना भेदून वर जाणारा बांबू, मासे, कासव, पोपट, चंद्र-सूर्य, चार कोपऱ्यांत चार नैना-जोगिनी, म्हणजे जोडप्याला दृष्ट लागू न देणाऱ्या देवी. आर्चर यांनी पुढे या चित्रांचे फोटो काढले आणि 1949 मध्ये आपल्या मुंबईतून निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. जगाला मिथिलेची, म्हणजे मधुबनीच्या भागातली, चित्रं कळली ती अशी. काढणाऱ्या बायका मात्र अजून कुणालाच कळल्या नव्हत्या, आणि त्यांना स्वतःलाही आपण चित्रकार आहोत असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. कोहबर लिहायचं, म्हणजे भिंतीवर काढायचं, ते लग्नासाठी. एखादी जाणती बाई रेषा ओढायची, पोरीबाळी रंग भरायच्या, आणि पुढच्या लग्नाआधी भिंत पुन्हा लिंपली जायची.

मग 1966-67 चा दुष्काळ आला. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाची सूत्रं पुपुल जयकर यांच्याकडे होती. शेतं करपलेल्या भागात लोकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून त्यांनी मुंबईच्या एका चित्रकाराला मधुबनीला पाठवलं : भास्कर कुलकर्णी. हा मराठी माणूस हातकागद घेऊन गावोगाव हिंडला आणि भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, आम्ही विकत घेतो, असं बायकांना सांगत राहिला. तुमच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत आहे? मी पाहिलेल्या एकाही वहीत ते नव्हतं.

कागदामुळे काय काय बदललं ते नीट मांडून दाखवण्यासारखं आहे. भिंत घराची असते, कागद ज्याच्या हातात दिला त्याचा असतो. भिंत जागची हलत नाही, कागद दिल्लीला जातो. भिंतीवर चार जणींचे हात असले तरी कुणी विचारत नाही, कागद विकत घेणारा मात्र विचारतो की हे कुणी काढलं. आणि मग नाव लागतं. जितवारपूरच्या जगदंबादेवी, सीतादेवी, बौआदेवी, रांटीच्या महासुंदरीदेवी, रशीदपूरच्या गंगादेवी. जगदंबादेवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, सीतादेवींना 1981 मध्ये, गंगादेवींना 1984 मध्ये. दुष्काळी कामापासून पद्मश्रीपर्यंत एक दशकही पुरतं लागलं नाही. ही काही 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' या वाक्यात बसणारी गोष्ट नव्हे. माझ्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांदेखत एक व्यवसाय जन्माला आला.

आणि नाव लागल्यावर हात वेगळे दिसू लागले. सीतादेवींचं भरणी पद्धतीचं काम बघा : मोठ्या आकृत्या, लांब चेहरे, सपाट झळझळीत रंग. गंगादेवींची कचनी बघा : बारीक रेघांवर रेघा, काळ्या आणि लाल शाईत, रंग जवळपास नाहीच. शेजारशेजारी ठेवले तर दहावीची मुलगीही सांगेल की या दोन वेगळ्या चित्रकार आहेत. तरीही आपल्या नोट्समध्ये 'मधुबनी शैलीची वैशिष्ट्ये' एकच : नैसर्गिक रंग, दुहेरी बाह्यरेषा, मोकळी जागा न सोडणे. पाच गुणांचा प्रश्न, पाच ओळींचं उत्तर.

गंगादेवींवर एक पूर्ण तासिका द्या, एवढं तरी माझं ऐका. कायस्थ घरातली मुलगी, लग्न झालं, मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी बायको आणली. त्या काळात अशा बाईचं पुढे काय व्हायचं हे आपण जाणतो. तिला कागद मिळाला आणि तिचं पोट त्या कागदावर चाललं. 1985 मध्ये भारत महोत्सवासाठी ती अमेरिकेला गेली, तिथे जत्रेतल्या उंच घसरगाडीत (रोलर कोस्टरमध्ये) लोक किंचाळताना पाहिले आणि तेही काढलं, त्याच कोहबरच्या रेषेत. रस्ते, मोटारी, उंच इमारती सगळं त्या रेषेने गिळलं. पुढे कर्करोग झाला, दिल्लीत उपचार चालू होते. तेव्हा तिने आपल्या आजाराचीच चित्रमालिका काढली : दवाखाना, सुया, खाटा, सोबतीला आलेली माणसं. परंपरेने तिला लग्नाची खोली रंगवायला शिकवलं होतं, तिने त्याच हाताने कर्करोगाचा वॉर्ड रंगवला. विषय स्वतः निवडायचा आणि त्यासाठी आपली भाषा ताणायची, याला तुम्ही एरवी 'आधुनिकता' म्हणता. इथे तो शब्द वापरायला हात का आखडतो?

दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात तिने एक अख्खं कोहबर घर रंगवलं होतं. 1991 मध्ये ती गेली. 2015 च्या सुमारास बातमी आली की संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंतींवरचं चित्र नष्ट झालं. गावात भिंत पुढच्या लग्नासाठी लिंपतात, त्यात काही वावगं नाही. पण संग्रहालय ही जागा जपण्यासाठीच असते. भिंतीवर पद्मश्री मिळालेल्या चित्रकाराचं काम आहे हे ठाऊक असूनही ती भिंत नव्याने रंगवावीशी वाटते, याचं मूळ त्या 'लोककला' नावाच्या बिननावी प्रकरणात आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मिथिलेची गोष्ट गोडगोड करून सांगू नका, ही आणखी एक विनंती. कागद आला तसे व्यापारीही आले. त्यांना एकाच प्रकारची राम-सीता, एकाच मापाची, लवकर आणि स्वस्तात हवी होती. जी पटापट काढेल तिला काम. रेमंड ओवेन्स या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाच्या मदतीने 1977 मध्ये चित्रकारांची स्वतःची संस्था उभी राहिली ती याच कारणाने, की दर ठरवताना आपलाही आवाज असावा. शिवाय कागद आधी पोहोचला तो ब्राह्मण आणि कायस्थ घरांत, कारण बाहेरून आलेल्याला रंगवलेलं कोहबर दिसलं ते तिथे. दुसाध या दलित समाजाच्या बायकांनी पुढे आपली वाट वेगळी काढली. चानोदेवी आणि त्यांच्यासारख्या इतर जणींनी अंगावरच्या गोंदणाच्या नक्ष्या कागदावर आणल्या, त्यांचा लोकनायक राजा सलहेस चित्रात आला. जमुनादेवींनी कागदाला शेणाचा हात द्यायला सुरुवात केली आणि तो मातकट रंग आज पुष्कळ जण वापरतात. मल्लाह समाजातल्या दुलारीदेवी रांटीत महासुंदरीदेवींच्या घरी घरकामाला होत्या. तिथेच बघून आणि शिकून त्या चित्रकार झाल्या. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. बायकांसाठी दार उघडलं असं आपण म्हणतो तेव्हा कुठल्या बायकांसाठी आणि किती उशिराने, हे दुलारीदेवींच्या आयुष्यावरून शिकवता येतं.

आता आपल्या घरचं. वारल्यांच्या लग्नात चौक लिहितात तो सवासिनी. गेरूच्या कुडावर तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, सवासिनी लिहितात, तो हक्क बायकांचा. मिथिलेला गेलेले तेच भास्कर कुलकर्णी पुढे वारली पाड्यांवरही कागद घेऊन आले. माणूस तोच, मंडळ तेच, हेतूही तोच. पण इथे जगाला ठाऊक झालेलं नाव जिव्या सोमा म्हसे यांचं. सत्तरच्या दशकात मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीच्या यादीत महासुंदरीदेवी होत्या. म्हसे फार मोठे चित्रकार होते, यात मला तिळमात्र शंका नाही. मासेमारीच्या जाळ्याचं त्यांचं एक चित्र जरी समोर ठेवलं तरी वर्ग गप्प होतो. पण बायकांच्या हातची कला बाजारात येताना एका ठिकाणी बायकांची राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी पुरुषांची झाली, हे कसं?

याचं ठरलेलं उत्तर 'वारली बायका लाजल्या' असं आहे. मला ते कधीच पटलं नाही. मिथिलेच्या बायका काय कमी लाजत होत्या? डोक्यावरचा पदर नाकापर्यंत होता त्यांचा. मला वाटतं उत्तर कामात आहे. मिथिलेतल्या वरच्या जातींच्या बायकांना पडद्यामुळे शेतावर किंवा मजुरीला जाण्याची सोय नव्हती. उंबऱ्याच्या आत बसून पैसा मिळवून देणारं काम दुष्काळात दाराशी आलं आणि घरच्यांनीही ते होऊ दिलं. वारली बाईचा दिवस राब, लावणी, लाकूडफाटा, पाणी यांत सरत होता. कागदासमोर तासन्‌तास बसायला, मग तो घेऊन मुंबई-दिल्लीला जायला तिला सवड कुणी दिली असती? म्हणजे एकीकडे पडद्यानेच बाईला व्यवसाय मिळवून दिला आणि दुसरीकडे मोकळं फिरणाऱ्या बाईच्या हातून तो निसटला. हे माझं अनुमान आहे. तुमच्याकडे संशोधक विद्यार्थी आहेत, पालघर जिल्हा मुंबईजवळच आहे. खोडून दाखवा, मला आनंदच होईल.

तोवर निदान संकल्पचित्राच्या पेपरात त्रिकोणी माणसं काढणाऱ्या लाखो मुलांना हे सांगा की ही माणसं पहिल्यांदा कुणाच्या बोटांनी काढली.

तुमच्यातले काही आता म्हणतील की ललित कलेचा इतिहास वेगळा आणि हा वेगळा. तिकडे शाळा, अकादमी, प्रदर्शनं, इकडे घर. म्हणून युरोपकडे वळते, कारण त्या प्रकरणाला तुम्ही सर्वांत जास्त पानं देता.

तिकडेही बाई घरातूनच चित्रकार झाली. आर्टेमिसिया जेंतिलेस्कीचे वडील चित्रकार, लाविनिया फोंताना, अँजेलिका काउफमान, एलिझाबेथ विजे ल ब्रं, रोझा बोनर, सगळ्यांचे वडील चित्रकार. हा रक्ताचा गुण नाही. बाहेरच्या कार्यशाळेत मुलीला शिकाऊ म्हणून कुणी ठेवत नव्हतं. रंग, कागद, गिऱ्हाईक आणि शिकवणारा माणूस, हे चारही ज्या घरात आयते होते तिथलीच मुलगी चित्रकार होऊ शकत होती. आणि पैसे? बोलोन्याच्या फोंतानाचं लग्न ठरलं तेव्हा करारातच लिहिलं गेलं की जोडपं तिच्या वडिलांच्या घरी राहील आणि तिची कमाई त्या घरात येईल. तिला 11 मुलं झाली आणि हातातला ब्रश शेवटपर्यंत सुटला नाही. फ्रान्सच्या राणीची चित्रं काढणाऱ्या विजे ल ब्रंची कमाई आधी सावत्र वडील घेत, मग नवरा. क्रांती झाली तेव्हा ती मुलीला घेऊन पळाली आणि इटली, व्हिएन्ना, रशिया असं बारा वर्षं ब्रशच्या जोरावर जगली.

सही म्हणाल तर हार्लेमच्या युदिथ लेस्टरचं उदाहरण घ्या. 1633 मध्ये ती चित्रकारांच्या गिल्डची, म्हणजे व्यवसायसंघाची, सभासद झाली, म्हणजे स्वतःची कार्यशाळा आणि शिष्य ठेवण्याचा परवाना. तिचा एक शिष्य त्याच गावच्या नामांकित चित्रकाराने, फ्रान्स हाल्सने, घेतला तेव्हा ती गप्प बसली नाही, तिने गिल्डकडे दाद मागितली. अशी ही बाई. मेल्यावर तिची चित्रं त्याच हाल्सच्या नावावर विकली गेली, कारण हाल्सला भाव जास्त. तिची आद्याक्षरं आणि शेजारचा तारा ही सही ओळखू यायला 1893 उजाडलं. जितवारपूरच्या भिंतीवर सही नव्हती म्हणून ती कला अनामिक म्हणता, मग इथे तर सही होती!

शिकण्याच्या दाराची कथा तुम्हाला माहीत आहे, पण ती नग्नचित्रणाच्या वर्गाशी जोडून सांगितली जात नाही. ऐतिहासिक, पौराणिक चित्रांना सर्वांत जास्त मान आणि दाम. त्यासाठी मानवी शरीराचा अभ्यास हवा. आणि तो वर्ग बायकांना बंद. लंडनच्या रॉयल अकादमीच्या 1768 च्या संस्थापक सभासदांत काउफमान आणि मेरी मोझर या दोन बायका होत्या. योहान झोफानीने पुढे सर्व सभासदांचं समूहचित्र काढलं, नग्न मॉडेलभोवती जमलेले सभ्य पुरुष. त्यात या दोघी कुठे आहेत? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई, लॉरा नाइट, निवडून यायला 1936 साल लागलं. फिलाडेल्फियाच्या अकादमीतला 1882 च्या आसपासचा एक फोटो आहे : मुलींचा शिल्पवर्ग चालू आहे आणि मॉडेल म्हणून समोर गाय उभी आहे. हा फोटो वर्गात दाखवा, दुसरं काही सांगावं लागणार नाही. हा सगळा मुद्दा 1971 मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी मांडला. त्यांचं नाव तुमच्या नोट्समध्ये असतं, मुद्दा नसतो.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, फी माफ होती, पण पुरुषांना. मुली खाजगी अकादमी ज्युलियाँमध्ये जात. तिथे मॉडेल मिळे, शिक्षक चांगले, आणि फी मुलांच्या जवळपास दुप्पट. 1881 मध्ये शिल्पकार एलेन बेर्तो यांनी स्त्री चित्रकार-शिल्पकारांची संघटना काढली, अर्ज-विनंत्या, शिष्टमंडळं सुरू झाली. 1897 मध्ये एकोलचं दार उघडलं. मुलांनी 'बायका मुर्दाबाद' अशा घोषणा दिल्या, काही काळ शाळा बंद ठेवावी लागली. गंमत अशी की तोवर त्या शाळेचाच भाव उतरला होता. नवी चित्रकला केव्हाच तिच्याबाहेर गेली होती. उशिरा उघडलेल्या दारांमागे बहुधा असंच असतं.

त्या दारातून 1930 मध्ये आत गेलेल्या मुलींपैकी एक होती अमृता शेरगिल. दार उघडून 33 वर्षं झाली होती. तिची प्रतिभा तिचीच, पण ती जिथे मानवी शरीर शिकली तो वर्ग बेर्तो आणि त्यांच्या मैत्रिणींनी भांडून मिळवलेला होता, हे तिच्या प्रकरणात एका ओळीत यायला काय हरकत आहे? 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. हयातीत चित्रं मात्र फारशी विकली गेली नाहीत. 2023 मध्ये तिचं एक चित्र 61.8 कोटींना गेलं. हा आकडा विद्यार्थ्यांना पाठ असतो. तो तिला मिळालेला नाही, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या.

मुंबईची कथाही याच वाटेने जाते. जे. जे.मध्ये शिकून चित्रकार झालेल्या सुरुवातीच्या मुलींतल्या दोघी बघा : अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद. एकीचे वडील म. वि. धुरंधर, दुसरीचे मूळ गोव्याचे अँतोनियो झेवियर त्रिंदाद, दोघेही तिथले शिक्षक. फोंतानाच्या बोलोन्याहून फार दूर आलो नाही आपण. फरक पडतो तो पुढच्या पिढीत. नागपूरजवळच्या बेला गावची बी. प्रभा चित्रकाराच्या घरातली नव्हती. ती आधी नागपुरात, मग जे. जे.मध्ये शिकली. विद्यार्थिनी असतानाच तिची तीन चित्रं होमी भाभांनी घेतली, पुढे एअर इंडियाने घेतली. तिच्या कोळिणी सगळ्यांना माहीत आहेत. तिचं गिऱ्हाईक कोण होतं आणि नव्या देशातल्या संस्था चित्रं विकत घेत होत्या म्हणून किती चित्रकारांचं घर चाललं, हा विषय कोऱ्या पानासारखा पडून आहे.

आता आजचं. ऑक्टोबर 2017 मध्ये मधुबनी रेल्वे स्थानकाच्या भिंती स्थानिक चित्रकारांनी रंगवल्या. दोनशेहून अधिक जण होते, त्यांत बऱ्याच बायका आणि मुली. काम श्रमदानाने झालं. पुढच्या वर्षी रेल्वेच्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत मधुबनीला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं आपल्या बल्लारशाह आणि चंद्रपूरला. सगळीकडे कौतुक झालं. मला मात्र राहून राहून वाटत होतं की स्थानकावर फरशी बसवणाऱ्याने, दिवे लावणाऱ्याने श्रमदान केलं असेल का? दुष्काळात कागदाचे पैसे देऊन ज्यांना चित्रकार केलं, त्यांच्या लेकीसुनांकडून पन्नास वर्षांनी भिंत फुकट रंगवून घेतली. ज्यांनी हौसेने हातभार लावला त्यांना दोष नाही. पण हाताला दाम असतो हे जिथे सिद्ध झालं तिथेच ते विसरता येतं.

आपल्याकडेही वेगळं काय चालतं? महाविद्यालयात 'लोककला कार्यशाळा' भरते, पाड्यावरून एखाद्या ताई येतात, दोन दिवस शिकवतात, जाताना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. येण्याजाण्याचा खर्च कधी मिळतो, कधी नाही. त्याच आठवड्यात शहरातून आलेल्या पाहुण्या व्याख्यात्याला तासाप्रमाणे मानधन असतं.

म्हणून मागणी एवढीच. 'महिला चित्रकार' हा शेवटचा जादा घटक काढून टाका आणि त्या बायका जिथल्या तिथे शिकवा : लेस्टर डच चित्रकलेत, बेर्तो एकोणिसाव्या शतकाच्या फ्रान्समध्ये, गंगादेवी आणि सीतादेवी 1947 नंतरच्या भारतीय चित्रकलेत, त्यांच्या शहरी समकालीनांच्या शेजारी. वैशिष्ट्यं विचारणाऱ्या प्रश्नाऐवजी एखाद्या वर्षी असा प्रश्न काढा : 'एकाच माणसाने मिथिलेत आणि वारली पाड्यांवर कागद नेला, दोन्हीकडे निष्पत्ती वेगळी का झाली?' याचं गाइडमध्ये उत्तर सापडणार नाही, मुलांना विचार करावा लागेल, तपासणाऱ्यालाही. भास्कर कुलकर्णींवर एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधिका लिहायला लावा. आणि पुढच्या कार्यशाळेचं निमंत्रण पाड्यावर पाठवाल तेव्हा मानधनाचा आकडा, प्रवासखर्च आणि पैसे कोणत्या तारखेला जमा होतील ते पत्रातच लिहा. धनादेश किंवा खातं त्या बाईच्या स्वतःच्या नावाचं असेल याची खात्री करून.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका